समान असूनही सापडत नाही

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थिनीने रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या वेळा दाखवणारे अँड्रॉइड ॲप जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिले, असे समजा. सर्व्हरकडून आलेला मजकूर ‘वेळांची यादी’ म्हणून कसा वाचायचा, हे तिने एका हॅशमॅपमध्ये, म्हणजे खुणेवरून नोंद चटकन शोधून देणाऱ्या रचनेत, नोंदवून ठेवले. लॅपटॉपवर सगळे सुरळीत चालते. फोनवर मात्र नोंद असूनही उत्तर येते: सापडले नाही.

हॅशमॅप सगळ्या नोंदी चाळत बसत नाही. शोधायच्या गोष्टीवरून तो हॅश कोड नावाचा आकडा काढतो आणि त्यावरून खण ठरवतो. ‘गोवा’ हा शब्द घ्या. ग, ओकार, व आणि काना यांचे युनिकोड क्रमांक २३२७, २३७९, २३५७, २३६६. पहिला क्रमांक घ्यायचा, ३१ ने गुणायचा, पुढचा त्यात मिळवायचा, पुन्हा गुणायचे. शेवटी ७१६८५३०९ येतात. १६ खणांच्या हॅशमॅपमध्ये हा शब्द ८ क्रमांकाच्या खणात पडतो (मोजणी शून्यापासून). लॅपटॉप असो वा फोन, आकडा हाच, कारण हे सूत्र जावाच्या अधिकृत दस्तऐवजात दिलेले आहे.

‘वेळांची यादी’ हा मात्र जेनेरिक प्रकार, म्हणजे आत दुसरा प्रकार सामावणारा: ‘यादी’, आणि तिच्या आत ‘वेळ’. जावात हे प्रकार २००४ साली, पाचव्या आवृत्तीत आले. असा प्रकार दाखवणाऱ्या वस्तूंनी (ऑब्जेक्टनी) कसे वागायचे, हे पॅरामीटराइज्डटाइप हा इंटरफेस ठरवतो. त्याचा दस्तऐवज सांगतो की मूळ घोषणा (इथे ‘यादी’) एकच असेल आणि आतले प्रकार समान असतील, तर दोन्ही वस्तू समान मानाव्यात. हॅश कसा काढायचा, यावर तो गप्प आहे. खरी गोम इथेच आहे, असे मला ठामपणे वाटते. ओपनजेडीके, म्हणजे लॅपटॉपवरची मुक्त जावा, घटकांचे हॅश एक्सॉर या बिट-बिट जुळवणाऱ्या क्रियेने एकत्र करते. अँड्रॉइडचा कोड वेगळा, आणि काही लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) तर स्वतःच्याच वस्तू बनवतात. कोणी एक्सॉरऐवजी ३१ ने गुणले, की समान वस्तूंना वेगळे आकडे मिळतात. समान वस्तूंचा हॅश समानच हवा, हा जावाचा मूळ नियम तिथे मोडतो.

आणि मग नोंदवताना वापरलेली वस्तू आणि शोधताना वापरलेली वस्तू योगायोगाने एकाच खणात आल्या तरी उपयोग नाही. हॅशमॅप आधी साठवलेला पूर्ण हॅश ताडतो. तो जुळला नाही तर समानतेची तपासणी होतच नाही.

लिस्ट या यादीच्या इंटरफेसच्या बाबतीत जावाकारांनी ही काळजी घेतली होती. तिचे हॅशसूत्र इंटरफेसच्या दस्तऐवजातच आहे, म्हणून तेच घटक त्याच क्रमाने असलेल्या ॲरेलिस्ट आणि लिंक्डलिस्ट या दोन वेगळ्या घडणीच्या याद्यांचा आकडा एकच येतो. प्रकारांसाठीही तसेच व्हायला हवे होते.

तोवर उपाय एकच: कुठूनही आलेला प्रकार आधी आपल्या स्वतःच्या वर्गाच्या (क्लासच्या) वस्तूत उतरवून घ्यायचा, मगच हॅशमॅपमध्ये ठेवायचा किंवा शोधायचा. गूगलची जीसन लायब्ररी असेच करते. चाचणी लिहिताना समानतेबरोबर दोन्हींचे हॅशही ताडून पाहावेत, आणि ती चाचणी फोनवरही चालवावी.