पार्श्वभूमी : गिटारच्या पोटातला सेल

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकाचा हंगाम दिवाळीनंतर लागतो आणि होळीपर्यंत चालतो. वडशाच्या नाटक कंपन्यांचा पडदा रात्री दहाच्या पुढे उघडतो आणि पहाटे पडतो. एवढ्या रात्रीत वाजवणाऱ्याला दोनच धास्ती असतात, दव आणि लाईट. म्हणून कुणी अॅक्टिव्ह, म्हणजे सेलवर चालणाऱ्या पिकअपची, त्यातही हल्लीची चार्जिंगवाली गिटार आणली, की आमच्यात आवाजाची चर्चा मागाहून होते. आधी एकच विचारणा : ‘सेल गेला तं काय कराचं भाऊ?’

पिकअप मुळात साधी चीज. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात किंचित वीज उपजते, तीच ॲम्प्लिफायरकडे जाते. १९३१ च्या सुमारास लॉस एंजेलिसला जॉर्ज बीचमने असं वेटोळं घरीच गुंडाळलं. त्यासाठी त्याने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली म्हणतात. कुणी शिलाई मशीनची सांगतात. १९३२ मध्ये अॅडॉल्फ रिकेनबॅकरच्या साथीने अॅल्युमिनियमची गिटार बाजारात आली. दिसायला तव्यासारखी, म्हणून नावही ‘फ्राइंग पॅन’. पेटंट कार्यालयाला मात्र हे वाद्य चालतं यावरच विश्वास बसेना. शेवटी वादक वॉशिंग्टनला पाठवून तपासनिसांपुढे वाजवून दाखवावं लागलं. पेटंट मिळालं १९३७ मध्ये, तोवर गिब्सनसारख्या गिटार कंपन्यांनी आपापल्या विजेच्या गिटारी विकायलाही काढल्या होत्या. म्हणजे पिकअपवरचा संशय पिकअपइतकाच जुना.

पुढची तक्रार खरी होती. एकेरी वेटोळं अँटेनासारखं वागतं, आसपासच्या विजेची घरघर ओढून घेतं. अमेरिकेत ती ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. गिब्सनमधल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये दोन उलट्या वेटोळ्यांचा हमबकर काढला; दोघांतली घरघर एकमेकींना खाते, तारांचा आवाज तेवढा उरतो. खेड्यातल्या मांडवात तर ही घरघर पाहुणी नसून घरचीच असते. जनरेटर, दिव्यांचे डिमर आणि अर्थिंगच्या नावाने ओल्या मातीत ठोकलेली सळई. तारांवर हात ठेवला की घरघर दबते, उचलला की परत येते. नायिका रडत असताना गिटारवाला काही न वाजवता तारा दाबून बसलेला दिसला, तर समजून घ्या.

दुसरी अडचण ऐकू येते, पण दिसत नाही. साध्या पिकअपमध्ये केसाएवढ्या तारेचे पाच ते आठ हजार फेरे असतात. त्यामुळे त्याचा सिग्नल नाजूक, आणि लांब केबल लावली की केबलच त्यातला वरचा चुरचुरीतपणा पिऊन टाकते. मांडवात मिक्सर कुठे, वादक कुठे. दहा-पंधरा मीटर केबल सहज लागते. यावर उतारा असा : फेरे कमी करायचे, सिग्नल बारीक येऊ द्यायचा आणि गिटारमध्येच एक छोटा प्रीॲम्प बसवून तो सशक्त करायचा. मग केबल कितीही लांब असली तरी फारसं बिघडत नाही. त्या प्रीॲम्पला वीज हवी, म्हणून नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. हेच अॅक्टिव्ह पिकअप.

गिटारवादक लेस पॉलने १९६९ मध्ये कमी फेऱ्यांची पिकअप असलेली गिटार गिब्सनकडून आणवली. सेल नव्हता, पण वेगळा ट्रान्सफॉर्मर लागे, आणि ती फारशी खपली नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या कॅलिफोर्नियाच्या अॅलेम्बिक कंपनीने गिटारमध्येच प्रीॲम्प घातले. १९७६ मध्ये रॉब टर्नरने जी कंपनी काढली तीच पुढची ईएमजी. ऐंशीच्या दशकात हेवी मेटल, म्हणजे कर्कश रॉक वाजवणाऱ्यांनी तिची पिकअप उचलून धरली, कारण ॲम्प कितीही तापवला तरी घरघर नाही. बाकीचे म्हणाले, आवाज फार धुतलेला येतो, जीव नाही त्यात. माझं मत विचाराल तर यातला निम्मा भाग सवयीचा आहे. केबलने खाल्लेला आवाजच आपण ‘खरा’ म्हणून ऐकत आलो. पण उरलेला निम्मा मी सोडून देणार नाही. हळू छेडलं तर हळू, जोरात छेडलं तर किंचित फाटका, हा फरक मला अजूनही साध्या पिकअपवर जास्त हाताला लागतो.

इकडच्या अविश्वासाचं मूळ मात्र वेगळंच. आमच्या तालुक्यात कमी व्होल्टेजने पंपाच्या मोटरी जळत राहतात, म्हणून मोटरीची तार नव्याने गुंडाळून देणारा वाइंडिंगवाला बाजाराच्या गावी हमखास सापडतो. साधं पिकअप मेलं की ते त्याच्याकडे नेता येतं. एवढी बारीक तार त्याच्याकडे नसते, नागपूरहून मागवावी लागते. पण उघडल्यावर आत काय आहे हे त्याला कळतं. अॅक्टिव्ह पिकअप मात्र इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या रसायनात ओतून बंद केलेलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, ‘यात काई उघडाले जागाच नाई.’ २०१४ मध्ये फिशमन कंपनीने फ्लुएन्स नावाचं पिकअप आणलं, त्यात तर गुंडाळलेली तारच नाही; थरावर थर छापलेल्या सर्किटचं वेटोळं आहे. एकाच पिकअपमधून दोन जातींचे आवाज निघतात, चार्जिंगची बॅटरीही मिळते. वाइंडिंगवाल्याच्या हाती काय उरलं, सांगा.

सेलचा अनुभव मी स्वतः घेतलाय. अशा गिटारीत पिन खोचली की सर्किट चालू होतं आणि पिन काढेपर्यंत चालूच राहतं. हे ठाऊक असूनही मी दिवाळीत घातलेल्या स्वस्त सेलवर फेब्रुवारीपर्यंत रेटलं, पिनही बहुतेक वेळा लावलेलीच. तिसऱ्या अंकात आवाज आधी खरखरला, मग कागद फाटावा तसा फाटला, मग गेला. रात्रीचे तीन. गावात टॉर्चचे सेल मिळाले असते, चौकोनी नाही. शेवटी लाईटवाल्याने आपल्या मल्टिमीटरची पाठ उघडली आणि त्यातला सेल काढून दिला. पुढचे दीड तास तो व्होल्टेज हाताच्या अंदाजाने सांभाळत होता आणि मध्येमध्ये माझ्याकडे बघत होता.