मॅसॅच्युसेट्स, यूएसएस

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात पेन्साकोला खाडीच्या मुखाबाहेर सुमारे ८ मीटर पाण्यात पडून असलेली युद्धनौका. शिल्लक राहिलेल्या अमेरिकी बॅटलशिपांपैकी (मोठ्या तोफांच्या चिलखती युद्धनौकांपैकी) ही सर्वांत जुनी.

फिलाडेल्फियाच्या विल्यम क्रॅम्प अँड सन्सच्या गोदीत बांधलेली ही नौका १८९३ मध्ये पाण्यात उतरली. १३ इंची चार तोफा आणि जाड चिलखत हे तिचे बळ. पण डेक पाण्यापासून फारसा उंच नव्हता आणि मुख्य तोफा एका अंगाला वळवल्या की नौका तिकडे कलत असे. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात क्यूबातील सान्तियागो दे क्यूबा बंदराच्या नाकेबंदीवर ती होती. ३ जुलैला स्पॅनिश आरमार बाहेर पडले, तेव्हा नेमकी ती कोळसा भरायला ग्वांतानामोला गेलेली होती.

१९१९ मध्ये नव्या नौकेसाठी नाव मोकळे करून तिला ‘कोस्ट बॅटलशिप नंबर २’ म्हटले गेले. जानेवारी १९२१ मध्ये ती येथे मुद्दाम बुडवण्यात आली, आणि किनाऱ्यावरच्या तोफखान्याने तिच्यावर नेमबाजीचा सराव केला. म्हणजे ही जलसमाधी मिळालेल्या खलाशांची जागा नव्हे. १९५६ मध्ये फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती राज्याच्या मालकीची ठरवली, तर १९९३ मध्ये, जलावतरणाच्या शताब्दीवर्षी, तिला पाण्याखालील पुरातत्त्वीय संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला.

पाणी उथळ आहे, म्हणून ही डुबकी सोपी असे समजू नये. नौकेचे अवशेष खाडीच्या तोंडाशीच असल्याने तेथे प्रवाह जोरदार असतो. ओहोटीबरोबर खाडीचे गढूळ पाणी बाहेर येते आणि हातभर अंतरावरचे दिसेनासे होऊ शकते. भरतीला मेक्सिकोच्या आखातातील निवळ पाणी आत शिरते. म्हणून भरती पूर्ण होत आलेली आणि प्रवाह थांबू लागलेला वेळ गाठणे उत्तम. या किनाऱ्यावर भरती-ओहोटी बहुधा दिवसातून एकदाच होते, तेव्हा तक्ता पाहूनच निघावे. वारा असल्यास लाटांचा हेलकावा तळापर्यंत जाणवतो आणि डुबकी मारणारा गंजलेल्या पत्र्यावर आदळू शकतो. मुख्य तोफबुरुजांच्या गोल चिलखती बैठका पृष्ठभागाजवळ येतात. पाहण्यासारखे सर्वांत जास्त तेथेच आहे. बोटीला धोकाही तेथेच. आतल्या पोकळ्यांत शिरणे टाळावे.

फ्लॉरिडाच्या कायद्यानुसार डुबकी मारणाऱ्यांनी इशारा-झेंडा लावणे बंधनकारक असून, उघड्या समुद्रात झेंड्यापासून ३०० फुटांच्या आत राहावे लागते. अवशेषांतला एकही तुकडा उचलता येत नाही.