जहाज वाऱ्याकडे तोंड करते तेव्हा

सॅन दिएगोसमोरच्या कोरोनॅडोच्या किनाऱ्यावरची वाळू उन्हात सोन्यासारखी चमकते, कारण तिच्यात अभ्रकाचे बारीक पापुद्रे मिसळलेले आहेत. मुलीकडे गेलो असताना सुट्टीचे चार दिवस आम्ही त्या वाळूत घालवले आणि दुपार कलली की समुद्रावरून येणारा वारा अंगावर घेत बसलो. पाचव्या दिवशी खाडीपलीकडे, शहराच्या धक्क्याला कायमची बांधून ठेवलेली ‘मिडवे’ ही विमानवाहू नौका पाहायला गेलो. तिच्या डेकवर उभे राहिल्यावर जाणवले की, ज्या वाऱ्याची आम्ही चार दिवस केवळ गारवा म्हणून मौज घेतली, त्याच्याच हिशेबावर या नौकेचे सारे काम चालत असे.

‘मिडवे’ १० सप्टेंबर १९४५ रोजी, म्हणजे जपानने शरणागतीवर सही केल्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी अमेरिकी नौदलात दाखल झाली. ज्या युद्धासाठी ती बांधली ते संपले होते. तरी व्हिएतनामपासून १९९१च्या आखाती युद्धापर्यंत ती जवळजवळ ४७ वर्षे समुद्रावर राहिली. १९९२ मध्ये ती निवृत्त झाली आणि २००४ पासून तिचे संग्रहालय झाले आहे. तिची आजची लांबी ३०५ मीटर आहे. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे, हे लक्षात घेतले की प्रश्न आपोआप उभा राहतो: एवढ्याशा पोलादी पट्टीवर लढाऊ जेट विमान उतरते तरी कसे?

उत्तराची सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करावी लागते. विमानाच्या पंखांना जमिनीशी किंवा डेकशी काही देणेघेणे नसते; त्यांचा संबंध फक्त हवेशी असतो. पंखांवरून हवा पुरेशा वेगाने वाहिली की उचल मिळते. ती हवा विमान पुढे धावल्यामुळे वाहिली की समोरून वारा आल्यामुळे, याने पंखांना काहीच फरक पडत नाही. विमानतळाला आपली जागा बदलता येत नाही, जहाजाला मात्र बदलता येते. विमाने उडवायची किंवा उतरवायची वेळ आली की विमानवाहू नौका वाऱ्याकडे तोंड करते आणि वेग वाढवते. समोरून १५ नॉटचा वारा असेल आणि नौका २५ नॉटने धावत असेल, तर डेकवर ४० नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटरचा वारा वाहतो. समुद्र अगदी निवांत असला, तरी नौका स्वतःच्या धावण्याने वारा निर्माण करू शकते. ‘मिडवे’च्या बारा बॉयलरांची दोन लाखांहून अधिक अश्वशक्ती आणि ३३ नॉटचा वेग यांचा एक मोठा उपयोग हाच होता.

याचा फायदा किती, हे थोड्या आकडेमोडीने कळते. एखादे जेट हवेच्या तुलनेत ताशी २५० किलोमीटर वेगाने उतरत आहे असे समजा. डेकवर समोरून २५ नॉटचा, म्हणजे ताशी ४६ किलोमीटरचा वारा असेल, तर डेकच्या तुलनेत विमानाचा वेग उरतो ताशी २०४ किलोमीटर. वेग एक पंचमांशाहूनही कमी घटला, म्हणून हा फरक किरकोळ वाटेल. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे विमान थांबवण्यासाठी जी ऊर्जा जिरवावी लागते ती तब्बल एक तृतीयांशाने कमी होते. जे विमान थांबवताना एरवी पोलादी दोर तुटण्याच्या बेतात आला असता, ते या वाऱ्यामुळे सुखरूप थांबते.

या हिशेबाने सात जीव वाचवल्याची घटना ‘मिडवे’च्याच डेकवर घडली. एप्रिल १९७५च्या अखेरीस, सायगाव पडत असताना, दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलातील मेजर बुआंग-ली आपली पत्नी आणि पाच मुले यांना दोन आसनांच्या छोट्या ‘बर्ड डॉग’ विमानात बसवून समुद्रावर आले आणि ‘मिडवे’वर घिरट्या घालू लागले. त्यांनी खाली टाकलेल्या चिठ्ठीत, डेकवरची हेलिकॉप्टरे बाजूला केली तर मी उतरू शकेन, अशी विनवणी होती. कॅप्टन लॉरेन्स चेंबर्स यांनी डेक मोकळा करण्याचा हुकूम दिला आणि जी हेलिकॉप्टरे वेळेत हलवता येईनात ती समुद्रात ढकलून देण्यात आली. त्या विमानाला दोर पकडणारा आकडा नव्हता. उलट दोरांत त्याची चाके अडकली असती, म्हणून डेकवरचे दोरही काढण्यात आले. मग नौका वाऱ्याकडे वळून २५ नॉटने धावू लागली. वारा १५ नॉटचा होता. असे हलके विमान ताशी साधारण १०० किलोमीटरने उतरते असे धरले, तर त्यातून ७४ वजा जातात आणि उरतो जेमतेम भराभर चालवलेल्या सायकलचा वेग. विमान टेकले, एकदा उसळले आणि डेक संपायच्या बरेच आधी थांबले. ते विमान आज फ्लोरिडातील पेन्सकोला येथील नौदल विमान संग्रहालयात आहे. भौतिकशास्त्रात सापेक्ष वेग शिकवायचा असेल, तर मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

जेटचा वेग मात्र एवढ्याने आवरत नाही; त्यासाठी डेकवर आडवे ताणलेले पोलादी दोर असतात. मी खाली बसून त्या दोराला हात लावून पाहिला. मुठीत जेमतेम मावेल एवढी जाडी, पिळावर पीळ आणि वर वंगणाचा काळपट थर. विमानाच्या शेपटीखालचा आकडा यात अडकतो आणि दोर ओढला जातो. दोराची टोके डेकखालच्या यंत्राला जोडलेली असतात. तिथे मोठ्या नळकांड्यातले द्रव अरुंद वाटेने जोराने ढकलले जाते आणि विमानाची बहुतेक ऊर्जा त्या द्रवाच्या उष्णतेत बदलते. झडपेची वाट किती उघडी ठेवायची, हे प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे आधी ठरवावे लागते. वजन चुकीचे धरले तर दोर एक तर विमानाला फार जोरात आवळतो किंवा पुरेसा अडवतच नाही. सगळे बरोबर असले की सुमारे १०० मीटरच्या आत, तीन-साडेतीन सेकंदांत विमान उभे राहते. कल्पना मात्र फार जुनी आहे. जानेवारी १९११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात युजीन एली याने जहाजावर पहिल्यांदा विमान उतरवले, तेव्हा फळ्यांच्या तात्पुरत्या डेकवर आडवे दोर टाकून त्यांच्या टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या.

आकडा दोराला लागताच वैमानिक इंजिन बंद करत असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात डेकला चाके लागता क्षणी तो पूर्ण जोर देतो, कारण आकडा दोर चुकला तर त्याला त्याच वेगाने पुन्हा हवेत झेपावायचे असते. १९५०च्या दशकापूर्वी ही सोय नव्हती. धावपट्टी सरळ असे, पुढे विमाने उभी असत आणि दोर चुकलेले विमान त्यांच्यावर जाऊन आदळू नये म्हणून मध्ये जाळी ताणावी लागे. ब्रिटिश नौदलातील डेनिस कॅम्बेल आणि अभियंता लुईस बॉडिंग्टन यांनी उतरण्याचा पट्टा काही अंशांनी तिरपा करण्याची कल्पना मांडली, आणि दोर चुकलेल्या विमानासमोर मोकळा समुद्र आला. त्याच सुमारास निकोलस गुडहार्ट यांनी उतरण्याचा कोन दाखवणारा आरसा शोधला. एका छोट्या आरशावर लिपस्टिकने आडवी रेघ ओढून, टॉर्चच्या उजेडाचे प्रतिबिंब त्या रेघेवर ठेवत आपल्या सचिव महिलेला टेबलाकडे चालायला सांगितल्यावर तिची हनुवटी बरोबर टेबलाला टेकली, असा किस्सा सांगतात. वैमानिकही तेच करतो: प्रकाशाचा गोळा हिरव्या दिव्यांच्या रांगेत ठेवला की विमान ठरलेल्या उतारावरून खाली येते, गोळा वर दिसला तर आपण उंच आहोत आणि खाली दिसला तर धोका आहे.

उड्डाणासाठी वाफेचा कॅटापल्ट असतो आणि तोही ब्रिटिश शोध, कॉलिन मिचेल यांचा. नाकाकडच्या टोकाजवळ डेकमध्ये एक लांब खाच दिसते. तिच्याखाली दोन समांतर नळकांडी असतात आणि त्यांत बॉयलरची वाफ सोडली की दट्टे झपाट्याने पुढे धावतात व वरच्या विमानाला ओढून नेतात. सुमारे ७५ मीटरमध्ये, दोन-अडीच सेकंदांत विमान ताशी २४० किलोमीटरच्या आसपास पोहोचते. या वेळी वैमानिकाच्या अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास तिप्पट जोर येतो. टोकाला पोहोचलेले दट्टे पाण्याने भरलेल्या नळकांड्यात घुसून तीन मीटरच्या आत थांबतात. हीच वाफ नौकेची टर्बाइनेही फिरवते, त्यामुळे पाठोपाठ उड्डाणे झाली की नौकेच्या वेगाला चिमटा बसतो.

हे ऐकताना मुलगी मला म्हणाली, “बाबा, आपण विक्रांतवर गेलो होतो तेव्हा अशी खाच पाहिली होती.” तिला आठवत होते, याचा मला फार आनंद झाला. आपली पहिली ‘विक्रांत’ मूळची ब्रिटिश ‘हर्क्युलिस’. युद्ध संपल्याने ती अर्धवट राहिली होती. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली आणि बेलफास्टमध्ये तिरपी धावपट्टी व वाफेचा कॅटापल्ट बसवून ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल केली. १९७१च्या युद्धात तिच्या बॉयलरला तडे गेलेले होते आणि तिला पूर्ण वेगाने धावता येत नव्हते. वर दिलेला हिशेब वाचल्यावर या वाक्याचा अर्थ नीट कळतो: वेग कमी म्हणजे डेकवरचा वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे उड्डाणाची जोखीम जास्त. अशा अवस्थेत ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. बॉयलर सांभाळणाऱ्या इंजिन खोलीतल्या माणसांचे नाव या कथेत क्वचितच येते, ते यायला हवे.

निवृत्तीनंतर मुंबई बंदरात संग्रहालय म्हणून उभी असलेली ‘विक्रांत’ २०१२ मध्ये असुरक्षित ठरून प्रेक्षकांसाठी बंद झाली आणि २०१४ मध्ये मुंबईतल्याच दारूखाना या जहाजे तोडण्याच्या जागी तोडायला घेतली गेली. खाऱ्या पाण्यात लोखंड टिकवणे अत्यंत अवघड आहे. मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे लोखंडाचे इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि पत्रा गंजत जातो. उपाय म्हणून जहाजाच्या बुडाला जस्ताचे ठोकळे जोडतात. जस्त लोखंडापेक्षा सहजपणे इलेक्ट्रॉन सोडते, म्हणून गंज त्याला खातो आणि पत्रा वाचतो; ठोकळे झिजले की नवे बसवावे लागतात. पाण्यावरच्या भागाला हे संरक्षण मिळत नाही, तिथे खारी हवा आणि रंगाचा ब्रश यांची झुंज रोज चालू ठेवावी लागते. ‘मिडवे’च्या कठड्याजवळ रंगाचे थर एकावर एक चढलेले पाहून मला त्या रोजच्या कामाचा आदर वाटला आणि ‘विक्रांत’ची हळहळही वाटली.

‘विक्रांत’वरून उडणाऱ्या जातीची विमाने मात्र आपल्याकडे आजही पाहता येतात. गोव्यात बोगमाळोच्या किनाऱ्यापासून जवळच नौदलाचे विमान संग्रहालय आहे आणि तिथे ‘सी हॉक’ आणि पाणबुड्या शोधणारी ‘अलिझे’ ही विमाने उघड्या आकाशाखाली उभी आहेत. पुढच्या वेळी बोगमाळोला पोहायला गेलो की मी नातवाला तिथे घेऊन जाणार आहे. विमानाच्या पोटाखाली वाकून शेपटीजवळचा आकडा कुठे आहे, हे त्यालाच शोधायला सांगायचे आहे.