घाट चढणारा माल

नाणेघाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात पडायची, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल याच वाटेनं जुन्नरला चढायचा. देशावर मिठाचा भाव काय असावा आणि कापूस बंदराला कोणत्या भावानं पोचावा, हे पुढेही शतकानुशतकं सह्याद्रीच्या चढणीनं ठरवलं.

हा भार लमाणांच्या तांड्यांनी वाहिला. बैलाच्या पाठीवर गोणी, वाटेत रानातली चराई, म्हणून वैरणीला पैसा लागत नसे. कोकणातून मीठ वर, देशावरचं धान्य खाली. पावसाळ्यात मात्र वाटा बंद. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि घाटाला चाकं लागली.

१८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे हे ३४ किलोमीटर रेल्वेनं जोडले गेले, पण घाटानं पुढची दहा वर्षं घेतली. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा गाडी सुरू झाली, खालून रूळ खोपोलीपर्यंत आलेले, आणि मधली चढण पालख्या, तट्टू, बैलगाड्यांवर! १८६३ मध्ये हा तुटका दुवा सांधला. २५ बोगदे, आणि काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट चढ. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्या आल्याच वारला. काम त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं पुरं करवून घेतलं. पटकी आणि तापानं हजारो मजूर गेले. त्यांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये नाशिककडचा थळघाटही रेल्वेनं ओलांडला, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. वऱ्हाडातला शेतकरी थेट जगाच्या बाजाराला बांधला गेला. तेजीला आणि मंदीलाही.

तांडे मात्र रिकामे झाले. ज्यांच्या पाठबळावर लष्करं आणि बाजारपेठा जगल्या, त्या लमाणांना इंग्रज सरकारनं पुढे अनेक ठिकाणी गुन्हेगार जमातीच्या कायद्याखाली घातलं. तो शिक्का स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये पुसला गेला.

चढ आहे तेवढाच आहे. कर्जतला आजही पुण्याकडच्या अनेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. एक बारीक हिसका बसतो आणि गाडी पळसदरीच्या दिशेनं चढू लागते.