वर्कस्टेशनला दुसरा प्रोसेसर: जोडी जमवताना काय पाहायचं

ऑफिसांनी मोडीत काढलेली दोन सॉकेटची वर्कस्टेशनं लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतात. आत बऱ्याचदा एकच प्रोसेसर असतो, शेजारचं सॉकेट रिकामं. रेंडरिंगचं काम करणाऱ्याला मोह होतोच: अजून एक झिऑन (इंटेलचा सर्व्हर-वर्कस्टेशनसाठीचा प्रोसेसर) बसवला की कोअर, म्हणजे प्रोसेसरमधली काम करणारी एककं, दुप्पट. होतातही, फक्त जोडी जमायला हवी.

इंटेलचा झिऑन ई५-२६७० घेऊ. २०१२ सालचा, ८ कोअर, २.६ गिगाहर्ट्झ, २० एमबी कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी). क्रमांकातला पहिला २ सांगतो, की एका बोर्डावर असे दोन चालतात. ई५-१६५० त्याच सॉकेटमध्ये बसतो, पण तो एकट्यानेच काम करणारा. दुसऱ्या प्रोसेसरशी बोलायची क्यूपीआय ही वाट त्याला दिलेलीच नाही. आणि खरी फसगत होते ती 'व्ही२' या शेपटीमुळे. ई५-२६७० व्ही२ हा १० कोअरचा, पुढच्या पिढीचा प्रोसेसर आहे. सॉकेट तेच, आकडा तोच, तरी या दोघांचं जमत नाही.

का जमत नाही? ऑपरेटिंग सिस्टिम चालू काम एका कोअरवरून उचलून दुसऱ्यावर टाकत असते, सेकंदाला कितीतरी वेळा. प्रोग्रॅम मात्र सुरू होताना सहसा एकदाच विचारतो, 'तुला काय काय येतं?' व्ही२ला आरडीरँड ही यादृच्छिक आकडा देणारी सूचना येते. आधीच्या २६७०ला ती ठाऊकच नाही. समजा, प्रोग्रॅमने व्ही२वर चौकशी केली, होकार मिळाला आणि मग काम जुन्या चिपवर गेलं. तिथे आरडीरँड आली की प्रोसेसर 'अवैध सूचना' म्हणून हात वर करणार आणि प्रोग्रॅम कोसळणार. तेही कधीतरीच, म्हणजे दोष शोधताना डोक्याला ताप. असल्या जोडीला बायोसने, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमने, सुरुवातीलाच अडवलेलं बरं.

इंटेलच्या एस२६०० मालिकेतल्या सर्व्हर बोर्डांचा कायदा तसाच आहे. फॅमिली, मॉडेल (चिपची पिढी सांगणारे तिच्या आतले क्रमांक), कोअरची संख्या किंवा कॅश वेगळी निघाली, की मशीन बूट होताना थांबतं. वेग वेगळा असेल तर मात्र तडजोड होते: दोघांना झेपेल अशा सर्वांत जास्त वेगावर दोन्ही चालतात. म्हणजे महागडा प्रोसेसर स्वस्ताच्या चालीने चालणार.

स्टेपिंगचा बाऊ मात्र फार केला जातो. स्टेपिंग म्हणजे त्याच चिपची दुरुस्त आवृत्ती. २६७०च्या धातूच्या झाकणावर एसआर०एच८ कोरलेलं असेल तर ती सी१, एसआर०केएक्स असेल तर सी२. वर सांगितलेल्या एस२६०० बोर्डांना एक सी१ आणि एक सी२ चालतं, मात्र बायोसमध्ये दोन्हींचा मायक्रोकोड (चिपच्या आतल्या कामाच्या दुरुस्त्या) हवा. तरीही झाकणावरचा कोड सारखा मिळत असेल तर तोच घ्यावा. विक्रेत्याकडून झाकणाचा फोटो मागवला की काम झालं. बॅच नंबरही जुळतो म्हणून कोणी 'मॅच्ड पेअर'चे जादा पैसे मागितले तर सरळ नाही म्हणावं. कोड 'क्यू'ने सुरू होत असेल तर ती चाचणीसाठी काढलेली नमुना चिप आहे. तिच्या वाटेला जाऊ नये.

पेंटियम थ्रीच्या काळात जुळवाजुळव आणखी वेगळी होती. दोन्ही प्रोसेसर एकाच सामाईक बसवर (माहिती नेणाऱ्या तारांच्या जुडग्यावर) असत, म्हणून १०० मेगाहर्ट्झ बसवाल्याबरोबर १३३वाला जोडून दोघांचाही पूर्ण वेग मिळत नसे. एकच प्रोसेसर लावायचा तर रिकाम्या स्लॉटमध्ये टर्मिनेटर कार्ड खोचावं लागे, नाहीतर तारेच्या टोकावरून सिग्नल परत फिरून गोंधळ घालत.

ई५मध्ये ती भानगड नाही, कारण प्रत्येक प्रोसेसरची रॅम वेगळी, चार चॅनेलची. इथेच अनेकजण हात आखडता घेतात. दुसऱ्या प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये रॅम टाकलीच नाही, तर त्याला प्रत्येक बाइट क्यूपीआयवरून शेजाऱ्याकडून मागवावा लागतो आणि कोअर दुप्पट होऊनही काम तितकं वाढत नाही. आहे ती रॅम निम्मी निम्मी वाटली तरी बराच फरक पडतो.

हीटसिंक आणि पॉवरची वेगळी जोडणी लागतेच. ११५ वॅटचा आणखी एक पाहुणा येतोय, तेव्हा पॉवर सप्लायवरचा आकडा आधी वाचावा. मशीनवर विंडोज १० होम असेल तर तेही बदलावं लागेल. होम एकच सॉकेट वापरते, प्रो दोन. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर सॉकेट्सपुढे २ दिसले, की रेंडर लावायला हरकत नाही.