सेल्सिअस मापक्रम

तापमान मोजण्याचा शतांश मापक्रम. प्रमाण वायुदाबाला बर्फ वितळते ते तापमान ०° आणि पाणी उकळते ते १००° धरून मधल्या अंतराचे शंभर समान भाग पाडले, की त्यांतील एक भाग म्हणजे एक अंश. ‘सेंटिग्रेड’ हे याच मापक्रमाचे जुने नाव. व्यवहारात दोन्ही नावांनी सांगितलेला आकडा एकच असतो.

अप्साला (स्वीडन) येथील खगोलशास्त्रज्ञ आंडेर्स सेल्सिअस (१७०१–४४) याने १७४२ मध्ये स्वीडिश विज्ञान अकादमीसाठी लिहिलेल्या निबंधात हा मापक्रम मांडला. त्यातले आकडे आजच्या उलट होते : उकळत्या पाण्याला ०, वितळत्या बर्फाला १००. त्या काळात हे वावगे नव्हते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झोझेफ-निकोला दलील याच्या तापमापकावरही शून्य उत्कलनबिंदूला आणि १५० गोठणबिंदूला असे. शिवाय उलट्या क्रमामुळे कडाक्याच्या थंडीतही ऋण आकडे लिहावे लागत नसत. निबंधाचे खरे मोल मात्र आकड्यांच्या क्रमात नाही. सेल्सिअसने वितळत्या बर्फात तापमापक पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या हवेत ठेवून पाहिला. बर्फाचे भांडे विस्तवावर धरले, तरी तापमापकाच्या फुग्याभोवती बर्फ गच्च आहे तोवर पारा जागचा हलला नाही. उत्कलनबिंदू मात्र वायुदाबाप्रमाणे सरकतो, हे फॅरनहाइटचे निरीक्षण त्याने पडताळले आणि मापक्रम आखताना दाब ठरवून घेतला.

आकडे सुलटे कोणी केले, याबद्दल मतभेद आहेत. फ्रान्समध्ये लियाँ येथील झां-प्येर क्रिस्तँ याने १७४३ च्या सुमारास ० गोठणबिंदूला व १०० उत्कलनबिंदूला देणारा तापमापक स्वतंत्रपणे पुढे आणला. स्वीडनमध्ये काहींच्या मते हे श्रेय वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस याचे आहे. त्याने अप्सालाच्या उद्यानातील काचगृहासाठी उपकरण-कारागीर डानिएल एकस्ट्रोम याच्याकडून तापमापक घेतला होता; १७४५ अखेरच्या त्याच्या लेखनात सुलटा क्रम आढळतो आणि पुढे एका पत्रात त्याने स्वतः अग्रहक्क सांगितला आहे. त्याच्या आधीच्या एका ग्रंथाच्या मुखचित्रात तापमापक दिसतो, पण केवळ त्यावरून तिथी मागे नेणे धाडसाचे ठरेल. तिसरा दावा सेल्सिअसनंतर त्याच्या पदावर आलेल्या मोर्टेन स्ट्रोमर याच्या बाजूने केला जातो. बदल एकाच माणसाचा मानण्यापेक्षा तो एकस्ट्रोमच्या कार्यशाळेच्या आसपास, वापरणाऱ्यांच्या सोयीने रुळला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारागिराचा वाटा अशा इतिहासात नेहमीच कमी मोजला जातो.

नावाचा निर्णय या वादातून झालेला नाही. फ्रेंच व स्पॅनिश भाषांत ‘सेंटिग्रेड’ हे कोनमापनातील एककाचेही नाव होते : काटकोनाचा शंभरावा भाग म्हणजे ग्रेड आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंटिग्रेड. हा घोळ टाळण्यासाठी १९४८ मध्ये वजने व मापे यांच्या नवव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘अंश सेल्सिअस’ हे नाव मुक्रर केले.

१९५४ मध्ये व्याख्येचा आधारच बदलला. गोठण व उत्कलनबिंदूंऐवजी पाण्याचा त्रिक बिंदू (बर्फ, पाणी व वाफ एकत्र समतोलात असण्याची स्थिती) घेऊन त्याला २७३·१६ केल्व्हिन (निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या तापमानाचे एकक), म्हणजे ०·०१° से., हे मूल्य दिले गेले. २०१९ पासून केल्व्हिनची व्याख्या बोल्ट्समान स्थिरांकाच्या (तापमान व कणांची ऊर्जा यांचा संबंध जोडणाऱ्या संख्येच्या) निश्चित मूल्यावर आधारलेली आहे. सेल्सिअस तापमान म्हणजे केल्व्हिनमधील आकड्यातून २७३·१५ वजा केलेली संख्या. त्यामुळे प्रमाण दाबाला पाणी आता नेमके १००° ला नव्हे, तर सुमारे ९९·९७° ला उकळते. काटेकोर अर्थाने हा मापक्रम ‘शतांश’ राहिलेला नाही. दाबाचा परिणाम यापेक्षा कितीतरी मोठा आहे : सुमारे १,३५० मी. उंचीवरील महाबळेश्वरला पाणी ९५–९६° ला उकळते, म्हणून तेथे उघड्या भांड्यात डाळ शिजायला वेळ लागतो.

भारतात हवामानाचे आकडे सेल्सिअसमध्ये दिले जातात. अंगातला ताप मात्र घरोघरी अजून फॅरनहाइटमध्येच सांगतात. रूपांतरासाठी सेल्सिअसच्या आकड्याला ९/५ ने गुणून ३२ मिळवतात. −४० ला दोन्ही आकडे जुळतात. तापमानातील फरक सांगताना मात्र ३२ मिळवायचे नसतात. पारा १०° से. ने चढला, तर ती वाढ १८° फॅ. ची, ५०° ची नव्हे. इंग्रजी बातम्यांच्या मराठी रूपांतरात ही चूक सहज होऊ शकते.