वाढलेली दाढी, वाढवलेली दाढी

मराठीत ‘दाढी केली’ म्हणजे दाढी काढून टाकली. चेहऱ्यावर ठेवायची तर वेगळं क्रियापद लागतं : राखली, ठेवली, वाढवली. आणि ‘दाढी वाढली आहे’ हे आणखी तिसरंच, कारण त्यात त्या माणसाने काही केलेलंच नाही. ऐकणारा लगेच आजार, दुःख, बेकारी, आळस यांपैकी काहीतरी गृहीत धरतो. वाढलेली आणि वाढवलेली या दोन्हींत अंतर एका अक्षराचं आहे. दाढीवाल्यांना जे सोसावं लागलं, त्यातलं बरंचसं लोकांनी या दोन्हींत गल्लत केल्यामुळे.

ही गल्लत कुठे होते ते चेहऱ्याजवळ जाऊन पाहावं. ब्लेडने कापलेल्या केसाचं टोक धारदार राहतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात कॉलर घासते तिथे, हनुवटीखाली, सारखी खाज सुटते. केस दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढतात. हनुवटी आधी भरते, गाल विरळ राहतात, ओठांच्या कोपऱ्याशी मिशी आणि दाढी जुळत नाही. दहाव्या दिवशी भेटलेला ओळखीचा माणूस विचारतो, ‘बरं नव्हतं का?’ दीड महिन्याने तोच म्हणतो, ‘शोभते तुला.’ केस तेच असतात. हे ठरवून केलंय, एवढंच त्याला आता पटलेलं असतं.

प्राचीन काळ इथे फार तपशिलात घ्यायची गरज नाही. शत्रूच्या हाती दाढी सापडू नये म्हणून सिकंदराने सैनिकांना ती काढायला लावल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. रोमन सम्राट कित्येक पिढ्या गुळगुळीत चेहऱ्याचे होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एका सम्राटाने दाढी राखली आणि पुढच्यांनी तिचाच कित्ता गिरवला. रशियाच्या झारने 1698 मध्ये पश्चिम युरोपातून परतल्यावर दरबाऱ्यांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कापल्या, 1705 मध्ये दाढीवर कर बसवला, आणि कर भरणाऱ्याला एक बिल्ला मिळू लागला. त्यावर नाक, मिशी, दाढी कोरलेली होती आणि ‘पैसे घेतले’ असा मजकूर होता. हा कर 1772 पर्यंत टिकला. दाढी राखण्यामागे हेतू असतो हे त्या झारला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्याने तिची किंमत लावली.

राजाज्ञेपेक्षा शेजाऱ्यांचा राग जास्त बोचरा असतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फिचबर्ग गावात 1830 च्या सुमाराला एक शेतकरी भरघोस दाढी राखून होता. आजूबाजूला तशी दाढी कोणाचीच नव्हती. मुलं दगड मारत, मोठी माणसं टोमणे मारत. एक दिवस चौघांनी त्याला रस्त्यात पाडून जबरदस्तीने दाढी उतरवायचा प्रयत्न केला. त्याने चाकू काढून स्वतःला सोडवलं. गुन्हा दाखल झाला तो मात्र त्याच्यावरच. दंड भरायला नकार देऊन तो वर्षभराहून जास्त काळ तुरुंगात राहिला. तो मेला तोवर देशभर दाढीची चलती झाली होती. त्याच्या थडग्यावर त्याचा दाढीसकट चेहरा कोरलेला आहे आणि खाली लिहिलंय, ‘दाढी राखल्याबद्दल छळ झाला.’

ब्रिटनमध्ये ही चलती आली ती बरीचशी रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धानंतर. 1854 च्या हिवाळ्यात ब्रिटिश सैनिकांना दाढी वाढवू दिली गेली, आणि घरी परतलेल्या वीरांचे दाढीवाले चेहरे लोकांनी आदराने पाहिले. 1869 मध्ये ब्रिटिश नौदलाने दाढीला रीतसर मुभा दिली, पण दाढी आणि मिशी दोन्ही पूर्ण राखायच्या या अटीवर. तिथला अर्ज कशासाठी असतो? दाढी ठेवण्यासाठी नाही, तर ‘दाढी करणं थांबवण्या’साठी. काही दिवसांनी अधिकारी चेहरा पाहतो. दाढी भरली नसेल तर पुन्हा ब्लेड हातात घ्यावं लागतं. मला हा नियम कडक वाटतो, पण प्रामाणिक वाटतो. अर्धवट दिवसांना त्याने निदान नाव तरी दिलं.

विषारी वायूच्या मास्कमुळे दाढी संपली, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला त्वचा मोकळी लागते, हे खरं. पण पहिल्या महायुद्धाच्या आधीच ब्रिटिश लष्करात हनुवटी गुळगुळीत ठेवणं बंधनकारक होतं. सक्ती होती ती मिशीची, आणि ती 1916 मध्ये उठली. दाढीची फॅशन तर शतक उलटतानाच ओसरू लागली होती. तिला खरा धक्का दिला तो जंतूंच्या भीतीने आणि 1904 मध्ये पेटंट मिळालेल्या सेफ्टी रेझरने. रोज घरच्या घरी दाढी करता येऊ लागली, आणि मग रोज न करणारा माणूस लोकांना अस्वच्छ दिसू लागला.

‘क्लीन शेव्ह’ या शब्दाने तर घोटाळा पक्काच केला. केस नसणं आणि स्वच्छ असणं या दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात शिरल्या. 1967 मध्ये प्रयोगशाळेतल्या एका प्रयोगात दाढीत मुद्दाम फवारलेले जंतू धुतल्यावरही काही प्रमाणात उरलेले आढळले, आणि पुढे त्याचा हवाला सगळीकडे दिला गेला. पण 2014 मध्ये 408 पुरुष रुग्णालय कर्मचाऱ्यांचे चेहरे तपासले, तेव्हा एका त्रासदायक जिवाणूचं प्रमाण दाढी-मिशीवाल्यांत 41.2 टक्के आणि गुळगुळीत चेहऱ्यांवर 52.6 टक्के निघालं.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा मला 1993 चा एक निकाल वाटतो. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात घरपोच पिझ्झा देणाऱ्या एका तरुणाला दाढी न काढल्याबद्दल कामावरून कमी केलं होतं. त्याला दाढी केल्यावर पुटकुळ्या यायच्या. कुरळा केस कापला की त्याचं टोक वळून पुन्हा त्वचेत शिरतं, तिथे सूज येते, पू होतो, डाग राहतात. हा त्रास कृष्णवर्णीय पुरुषांत फार जास्त, गोऱ्यांत क्वचित. त्यामुळे सर्वांसाठी सारखा दिसणारा नियम प्रत्यक्षात एकाच समूहाच्या पोटावर येत होता. कंपनीने बचावात ग्राहकांचं सर्वेक्षण पुढे केलं : दाढीवाला पोरगा दारात आला तर 20 टक्क्यांपर्यंत लोकांना ते आवडणार नाही. न्यायालयाने हे फेटाळलं. दाढी असल्याने पिझ्झा बनवण्यात किंवा पोचवण्यात काही फरक पडत नाही, आणि ग्राहकांची नावड ही धंद्याची गरज ठरत नाही, असा त्याचा आशय होता.

या निकालाने सगळे प्रश्न सुटले नाहीत. टोपीखालून केस बाहेर येऊ नयेत, मास्क नीट बसावा, अशा कामाशी जोडलेल्या कारणांना त्यात धक्का नाही, आणि नसावाही. पण दार उघडणाऱ्याच्या कपाळावरची आठी दाढीवाल्याच्या पगारातून वसूल करायची नाही, एवढं तरी त्याने स्पष्ट केलं. नोकरीच्या मुलाखतीत आजही ‘आमची हरकत नाही हो, पण क्लायंटला…’ असं ऐकलं की मला तेच सर्वेक्षण आठवतं.

लोकांची ती आठीही एकसारखी नसते. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच पुरुषांचे चार टप्प्यांवरचे फोटो दाखवले : गुळगुळीत, हलके खुंट, दाट खुंट, पूर्ण दाढी. स्त्रियांना दाट खुंट सर्वांत आकर्षक वाटले, तर पूर्ण दाढीचे पुरुष चांगले बाप होतील असं वाटलं. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. फोटोंच्या गठ्ठ्यात दाढ्या कमी असतील तर त्या जास्त आवडतात, सगळीकडे दाढ्याच असतील तर ती पसंती घटते.

सैन्यांत वारं अजून दोन्ही दिशांनी वाहतंय. पुटकुळ्यांमुळे दाढी न करण्याची जी वैद्यकीय सवलत अमेरिकी सैन्यात होती, ती 2025 मध्ये बरीच आवळली गेली. ब्रिटिश लष्कराने मात्र 2024 च्या मार्चमध्ये दाढीवरची बंदी उठवली. अट अशी, की ती दाट हवी, विरळ ठिगळं नकोत, आणि लांबी 2.5 ते 25.5 मिलिमीटरच्या आत. पण 2.5 मिलिमीटर व्हायलाच आठवडा लागतो, आणि तेवढा आठवडा ती नुसती वाढलेलीच दिसते.